६१७४ च्या मागचा माणूस : डहाणूत जन्मलेले कापरेकर मास्तर

विरारहून डहाणूची लोकल सुटली की पहिलं स्टेशन लागतं वैतरणा. ते मागे पडलं की वैतरणा खाडीवरचे पूल येतात. मग सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि शेवटी डहाणू रोड. या गाडीने ये-जा करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर कधी ना कधी एक फॉरवर्ड येऊन गेलेला असतो. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करत राहा. शेवटी ६१७४ च येणार.

लोक करून बघतात. खरंच ६१७४ येतो. मग एक अंगठा दाखवायचा आणि मेसेज पुढच्या ग्रुपवर ढकलायचा.

पण हा आकडा ज्यांनी शोधला ते याच रेल्वेलाइनच्या शेवटच्या स्टेशनचे, डहाणूचे. ते कोणत्या विद्यापीठात प्रोफेसर नव्हते. आयुष्यभर शाळेत शिकवलं, पगारातून पैसे काढून स्वतःची पुस्तकं छापली आणि स्वतःच्या देशातल्या विद्वानांकडून बराच काळ दुर्लक्ष सोसलं. त्यांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कारकून वडील आणि ज्योतिषाचं गणित

१७ जानेवारी १९०५ ला कापरेकरांचा जन्म डहाणूत झाला. आज डहाणू पालघर जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा झाला २०१४ साली. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातलं गाव होतं.

कापरेकर आठ वर्षांचे असताना आई जानकीबाई गेल्या. पुढे वडिलांनीच वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच. ती आकडेमोड मुलाने वडिलांकडून उचलली आणि तिथूनच आकड्यांची गोडी लागली.

पंचांगात गणित किती असतं याचं एक साधं उदाहरण बघा. गुरू ग्रहाला बारा राशी फिरायला साधारण १२ वर्षं लागतात, शनीला साधारण ३०. आज हे दोघं एका राशीत असतील, तर पुन्हा दोघंही त्याच राशीत केव्हा येतील? गुरूच्या फेऱ्या पूर्ण होतात १२, २४, ३६, ४८, ६० वर्षांनी. शनीच्या होतात ३०, ६० वर्षांनी. दोन्ही याद्यांत सगळ्यात आधी येणारी समान संख्या ६०. म्हणजे साधारण ६० वर्षांनी.

याच ६० ला शाळेत १२ आणि ३० चा लघुतम साधारण विभाज्य म्हणतात, थोडक्यात लसावि. आपल्याकडच्या संवत्सरांचं चक्रही ६० वर्षांचंच आहे. पाचवी-सहावीत लसावि काढताना ज्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या, त्यांच्या घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात तो कायम लटकलेला असतो.

फर्ग्युसन, रँग्लर परांजपे पारितोषिक आणि देवळालीची शाळा

कापरेकरांचं माध्यमिक शिक्षण ठाण्याला झालं. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या नव्या गणिती कामासाठी हे पारितोषिक असायचं. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी हातात आली.

पुढे एम.ए. नाही, पीएचडी नाही, परदेशवारी नाही. १९३० साली नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून ते रुजू झाले आणि १९६२ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. तब्बल ३२ वर्षं.

शाळा सुटल्यावर बाकीचे मास्तर घरी जात. कापरेकर आकड्यांत शिरत. आकड्यांच्या या नादाची तुलना ते स्वतःच दारूच्या व्यसनाशी करत. त्यांना लोक ‘गणितानंद’ म्हणत ते उगाच नाही.

आपल्या शोधांची नावंही ते आजूबाजूच्या गावांवरून ठेवत. मुंबईहून सुमारे तीस मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनात त्यांना एका प्रकारच्या संख्या सुचल्या. त्यांना नाव दिलं ‘डेम्लो संख्या’. १६५ घ्या. डावीकडचा १ आणि उजवीकडचा ५ मिळवला की मधला ६ मिळतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये ५ च भरलेले. १११ चा वर्ग १२३२१ हाही त्याच कुटुंबातला. दुसऱ्या एका प्रकाराला त्यांनी ‘देवळाली संख्या’ म्हटलं. प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना आपण मोबाइल काढतो, हा माणूस संख्या शोधत होता.

आनंद देणारी संख्या : हर्षद

कापरेकरांनी दिलेलं सगळ्यात सुंदर नाव म्हणजे ‘हर्षद’. हर्ष देणारी ती हर्षद संख्या. नियम अगदी सोपा. संख्येतल्या अंकांची बेरीज करायची आणि त्या बेरजेने मूळ संख्येला भागायचं. बाकी शून्य उरली की संख्या हर्षद. म्हणजेच अंकांची बेरीज हीच त्या संख्येचा अवयव असली पाहिजे.

१२ घ्या. १ + २ = ३, आणि ३ ने १२ ला पूर्ण भाग जातो. १२ हर्षद. १४ घ्या. १ + ४ = ५. ५ ने १४ ला भाग जात नाही. १४ हर्षद नाही. ११०, १११ आणि ११२ या तर ओळीने तीन हर्षद आहेत. त्यांच्या बेरजा २, ३ आणि ४, आणि भागाकार ५५, ३७ आणि २८.

आता गंमत बघा. कापरेकरांचं जन्मसाल १९०५. १ + ९ + ० + ५ = १५. आणि १९०५ ÷ १५ = १२७. म्हणजे त्यांचं जन्मसालच हर्षद.

हे भागाकार न करताही कळतं, आणि ते कसं कळतं यातच अवयव आणि लसावि यांचं सगळं सार आहे.

१५ ने भाग जायला दोन गोष्टी पुरतात. ३ ने भाग जायला हवा आणि ५ ने भाग जायला हवा. कारण ३ आणि ५ यांचा लसावि १५ आहे. जी संख्या दोघांच्याही पाढ्यात येते, ती त्यांच्या लसाविच्या पाढ्यात येतेच. अंकांची बेरीज १५ असेल तर ३ ने भाग जाणारच, ही कसोटी शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली आहे. राहिला ५. त्यासाठी शेवटी ० किंवा ५ हवा. १९०५ च्या शेवटी ५ आहे. झालं काम.

म्हणजे अंकांची बेरीज १५ असलेली आणि शेवटी ० किंवा ५ असलेली प्रत्येक संख्या हर्षद. हजारो संख्या एका फटक्यात तपासून झाल्या, एकही भागाकार न करता.

आता त्यांच्या मृत्यूचं साल बघू, १९८६. बेरीज १ + ९ + ८ + ६ = २४. इथे बरेच जण फसतात. २४ म्हणजे ४ गुणिले ६, तर मग ४ आणि ६ ने भाग जातो का ते बघू, असं वाटतं. पण ते चालत नाही. कारण ४ आणि ६ यांचा लसावि २४ नाही, १२ आहे. १२ लाच बघा ना, तिला ४ ने भाग जातो, ६ ने जातो, पण २४ ने जात नाही. ४ आणि ६ या दोघांतही २ हा अवयव आहे, म्हणून गुणाकार आणि लसावि वेगळे पडले.

२४ साठी अशी जोडी हवी, जिच्यात १ सोडून समान अवयवच नाही. ती जोडी ३ आणि ८. १९८६ ला ३ ने भाग जातो. पण ८ साठी शेवटचे तीन अंक, म्हणजे ९८६ बघायचे. त्याला ८ ने भाग जात नाही. म्हणून १९८६ हर्षद नाही.

लसावि काढताना नुसता गुणाकार का चालत नाही, हा प्रश्न वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर या एका उदाहरणात आहे.

आणि मग सापडला ६१७४

१९४६ च्या सुमारास कापरेकरांना त्यांचा सगळ्यात गाजलेला आकडा सापडला. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला आणि १९५३ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकेतल्या नियतकालिकात तो छापून आला.

त्यांच्या जन्मसालावरच करून बघू. १९०५ चे अंक ९, ५, १, ०. मोठ्यात मोठी संख्या ९५१०, लहानात लहान ०१५९.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे गेलात तर पुन्हा ७६४१ − १४६७, पुन्हा ६१७४. इथून सुटका नाही. चारही अंक सारखे नसले की कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे येऊन थांबते. फक्त मध्येच ०९९९ सारखं काही आलं तर पुढचं शून्य टाकायचं नाही, तोही अंक धरायचा. १९०५ ला पूर्ण सात पायऱ्या लागल्या.

१९८६ घेतलं तर पहिलीच वजाबाकी ९८६१ − १६८९ = ८१७२. म्हणजे जन्मसाल आणि मृत्युसाल दोन्ही ८१७२ वर भेटतात आणि तिथून एकाच वाटेने ६१७४ ला पोचतात.

यात जादू किती आणि गणित किती? अर्धं उत्तर अवयवांत आहे. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ माना. मोठ्या संख्येतून उलट संख्या वजा केली की उरतं ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग). ९९९ ला ९ ने भाग जातो, ९० लाही जातो. म्हणून प्रत्येक पायरीवरचं उत्तर ९ च्या पाढ्यातलंच येतं. वरची यादी तपासून बघा. ९३५१ ची बेरीज १८, ८१७२ ची १८, ७४४३ ची १८. हजारो संख्यांतून निघालेली वाट पहिल्याच वजाबाकीत मोजक्या उत्तरांपुरती अरुंद होते. कारण क − घ आणि ख − ग हे दोन फरकच काय ते महत्त्वाचे, आणि दोन्ही ९ च्या आतले. मग ती मोजकी उत्तरं एकेक करून तपासता येतात आणि सगळी ६१७४ ला जाऊन मिळतात.

आता ६१७४ चे अवयव पाडा. २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. अंकांची बेरीज ६ + १ + ७ + ४ = १८. २ आणि ९ यांचा लसावि १८, त्यामुळे अंकांची बेरीज १८ असलेली कोणतीही सम संख्या हर्षद असते. ६१७४ सम आहे. ६१७४ ÷ १८ = ३४३, म्हणजे ७ × ७ × ७. कापरेकरांचा आकडा त्यांच्याच दुसऱ्या व्याख्येतही बसतो.

तीन अंकी संख्यांवर हाच खेळ केला तर शेवटी ४९५ येतो. त्याचीही बेरीज १८, पण संख्या विषम. म्हणून तो हर्षद नाही.

२०२५ आणि कापरेकर संख्या

२०२५ साल लागलं तेव्हा ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ पुन्हा ४५, अशा पोस्टचा पाऊस पडला होता. अशा संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. ९ चा वर्ग ८१, आणि ८ + १ = ९. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७.

इथेही योगायोग नाही, अवयव आहेत. २०२५ म्हणजे २० शेकडे आणि २५. त्याऐवजी नुसते २० + २५ केले तर प्रत्येक शेकड्याचा एक होतो, म्हणजे प्रत्येकी ९९ कमी होतात. म्हणून वर्ग आणि मूळ संख्या यांतला फरक ९९ च्या पटीत असला पाहिजे. तो फरक म्हणजे ४५ × ४५ − ४५, अर्थात ४५ × ४४. आणि ९९ म्हणजे ९ × ११. ४५ मध्ये ९ बसतो, ४४ मध्ये ११ बसतो. ९ आणि ११ चा लसावि ९९, म्हणून ४५ × ४४ ला ९९ ने भाग जातो. ५५ च्या बाबतीत अदलाबदल होते. ५५ मध्ये ११, ५४ मध्ये ९.

२९७ ला हेच ९९९ च्या अवयवांवर चालतं. ९९९ म्हणजे २७ × ३७. २९७ मध्ये २७ बसतो, २९६ मध्ये ३७. अवयवांच्या या नात्यावर २००० साली रीतसर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तोवर कापरेकरांना जाऊन १४ वर्षं झाली होती.

घरच्यांना किंमत कळली उशिरा

हे सगळं वाचताना वाटेल, या माणसाला केवढा मान मिळाला असेल. तसं झालं नाही.

त्या काळच्या अनेक भारतीय गणितज्ञांना कापरेकरांचं काम म्हणजे पोरखेळ वाटायचा. अंकांच्या बेरजा, उलटसुलट वजाबाक्या, यात खोल गणित कुठे आहे, असा त्यांचा सूर. ही टीका अगदीच निराधार नव्हती. संख्येचे अंक हे आपण दहावर मोजतो म्हणून तसे दिसतात. आठवर मोजलं तर ६१७४ ची जागा राहत नाही. पण ज्या मास्तरांकडे मोठं ग्रंथालय नव्हतं, मार्गदर्शक नव्हता, त्यांनी कागद-पेन्सिलीवर जे शोधलं त्यावर पुढे जगभर लोक काम करत राहिले.

कापरेकर लिहीत राहिले. मोठ्या नियतकालिकांत जागा नेहमी मिळायची नाही. मग स्वतःच्या खर्चाने छोट्या पुस्तिका छापायच्या आणि परिषदांना हजर राहायचं.

१९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नी गेल्या. राहणी अगदी साधी होती, तरी पेन्शनमध्ये भागेना. साठी उलटल्यावर त्यांना पोटासाठी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या.

मग मार्च १९७५ उजाडला. अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर गणिती कोड्यांचं सदर लिहीत. त्या सदराचे वाचक जगभर होते. गार्डनरनी त्यात देवळालीच्या या मास्तरांच्या कामाची ओळख करून दिली. सत्तरीच्या कापरेकरांचं नाव तेव्हा कुठे देशोदेशी पोचलं. घरच्यांनी ज्याला पोरखेळ म्हटलं, त्याची दखल परदेशातून घेतली गेली तेव्हा ते शिकवण्या घेऊन जगत होते.

तरी नावाच्या बाबतीत थोडं नुकसान झालंच. १९७७ साली आयव्हन निव्हन या गणितज्ञांनी एका व्याख्यानात अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांचा विषय काढला. तेव्हापासून पाश्चात्त्य पुस्तकांत बऱ्याच ठिकाणी हर्षद संख्यांना ‘निव्हन संख्या’ म्हणतात. नाव हर्षद असो की निव्हन, संख्या त्याच, आणि त्यांना आनंदाचं नाव देणारे मास्तर देवळालीचे.

१९८६ साली देवळालीतच कापरेकरांचं निधन झालं.

पुढच्या वेळी फॉरवर्ड आला की

अवयव आणि लसावि हे दोन धडे बहुतेकांच्या डोक्यात परीक्षेपुरते राहतात. शिड्या मांडायच्या, भाग द्यायचा, उत्तर लिहायचं आणि विसरायचं. कापरेकरांच्या काही शोधांच्या तळाशी हेच दोन धडे आहेत.

घरात पाचवी-सहावीतलं मूल असेल, तर त्याला त्याचं जन्मसाल कागदावर लिहायला सांगा. आधी अंकांची बेरीज. मग ती बेरीज त्या सालाचा अवयव आहे का, हे भागाकार न करता शोधायचं. २०१६ मध्ये जन्मलेलं मूल असेल तर बेरीज ९ येते आणि उत्तर तिथेच मिळतं. २०१५ वाल्याला बेरीज ८ मिळेल आणि संख्या विषम आहे, तेही तिथेच संपतं. त्यानंतर त्याच सालाचे अंक उलटसुलट लावून ६१७४ पर्यंत किती पायऱ्यांत पोचतो ते मोजायचं.

वैतरणा ते डहाणू एवढ्या प्रवासात हे दोन्ही खेळ आरामात होतात. आणि ६१७४ आला की मुलाला एवढं जरूर सांगा, हा आकडा ज्यांनी शोधला ते या गाडीच्या शेवटच्या स्टेशनचे होते आणि शाळेत मास्तर होते.